रमजानच्या महिन्यात भिवंडीला जाताना



प्रायश्चित्तकाळातल्या एका रविवारी मिस्सा संपल्यावर आपल्यातलाच एक तरुण माझ्यासाठी दाराशी थांबला होता. खर्डीहून सकाळची लोकल पकडून तो कल्याणला उतरतो आणि तिथून भिवंडीच्या एका गोडाऊनमध्ये कामाला जातो. तो म्हणाला, "फादर, दुपारी मी डबा उघडतो तेव्हा माझ्या बाजूचे चौघे रोजाला असतात. घास घशाखाली उतरत नाही. आणि संध्याकाळी तेच मला इफ्तारला बसवतात. तिथलं खाल्लं तर चालतं का?" त्याची आई मागेच उभी होती. तिचा प्रश्न वेगळा होता. ती म्हणाली, "फादर, ह्या महिन्यात त्याला तिकडे पाठवावं की नाही, तेवढं सांगा."

दोन्ही प्रश्न मला महत्त्वाचे वाटले. आपल्या भागातील कितीतरी जण कामाला, कापड घ्यायला, दवाखान्यात भिवंडीला जातात. तेव्हा ह्या विषयावर थोडे सविस्तर लिहितो.

आधी माझी स्वतःची चूक सांगतो. २०१० च्या ऑगस्टमध्ये, नुकताच धर्मगुरू झालो होतो तेव्हा, प्रार्थनामंदिराच्या पडद्यांसाठी कापड आणायला मी भिवंडीला गेलो. कल्याणहून टेम्पो केला होता. त्या वर्षी रमजान ऐन श्रावणात आला होता, म्हणजे अर्ध्या गावाचा उपवास चालू होता. मला मात्र त्याचे भान नव्हते. वाटेत मी वडापाव घेतला, टेम्पोत बसून खाल्ला, वर बाटली उघडून पाणी प्यालो आणि चालकालाही बाटली पुढे केली. तो म्हणाला, "नको, तुम्ही प्या." त्याने दुपारीही पाणी घेतले नाही. चारच्या सुमारास कापडाचे तागे चढवताना तो घामाघूम झाला, तेव्हा मी पुन्हा बाटली पुढे केली. तेव्हा कुठे तो हसून म्हणाला, "रोजा आहे, फादर." तोवर मी त्याच्यापुढे दोनदा खाल्ले होते. परतताना सूर्यास्ताच्या वेळी त्याने टेम्पो कडेला घेतला, डबीतून खजूर काढले आणि त्यातला एक माझ्या हातावर ठेवला. मला काही बोलणे सुचले नाही.

आता रोजा म्हणजे नेमके काय ते पाहू. पहाट फुटण्याआधी सेहरीचे जेवण उरकायचे. त्यानंतर सूर्यास्तापर्यंत अन्न नाही, पाणी नाही, विडी-तंबाखू नाही. पाणीसुद्धा नाही, हे आपल्या लोकांच्या चटकन लक्षात येत नाही, कारण आपल्या उपवासात पाण्याला कधीच बंदी नसते. सूर्य मावळला, मगरिबची अजान झाली, की रोजा सोडायचा, शक्यतो खजुराने. रात्री नेहमीच्या नमाजानंतर तरावीहची लांब प्रार्थना असते. असे २९ किंवा ३० दिवस, चंद्र दिसेपर्यंत. त्यांचे वर्ष चंद्राच्या गतीचे, सुमारे ३५४ दिवसांचे असते. म्हणून रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि सुमारे ३३ वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येतो. ज्याने तरुणपणी थंडीत रोजे धरले, त्याला ते पुढे वैशाखातही धरावे लागतात.

ह्याच महिन्यात पुष्कळ जण जकात काढतात. वर्षभर हाताशी राहिलेल्या बचतीचा अडीच टक्के भाग गरिबांसाठी. ईदच्या नमाजाआधी फित्रा द्यायचा, तो वेगळा. उपवास, प्रार्थना आणि दानधर्म ही तीन नावे आपण दर राखेच्या बुधवारी मत्तयच्या शुभवर्तमानातून ऐकतो. तिन्ही इथेही आहेत.

रोजातून सूटही आहे. आजारी माणूस, प्रवासी, गरोदर वा अंगावर पाजणारी आई, मासिक पाळीतली स्त्री, लहान मुले, थकलेले वृद्ध ह्यांच्यावर सक्ती नाही. कुराणाच्या दुसऱ्या अध्यायात आजारी आणि प्रवासी ह्यांना ते दिवस नंतर भरून काढण्याची मुभा दिलेली आहे. म्हणून माझी एक कळकळीची सूचना: एखादा मुसलमान सहकारी, विशेषतः एखादी बाई, पाणी पिताना दिसली तर "तुमचा रोजा नाही का?" असे विचारू नका. कारण तिचे खासगी असते. तुमचा प्रश्न थट्टेचा नसला, तरी तिला तो चार लोकांत नको असतो.

भिवंडीबद्दलही थोडे सांगायला हवे. २०११ च्या जनगणनेत ह्या शहराची वस्ती सात लाखांच्या वर होती आणि त्यांत निम्म्याहून अधिक मुसलमान होते. त्यांतले कोकणी मुसलमान इथले जुने रहिवासी, आणि मोमीन विणकर १८५७ नंतर उत्तरेकडून पोटासाठी आणि जिवाच्या भीतीने आलेल्यांचे वंशज. यंत्रमाग त्यांनी चालवले आणि त्यावर तेलंगणातून व इतर ठिकाणांहून आलेले हिंदू कामगारही जगले. आता मागांच्या जोडीला मानकोली, काल्हेरकडची गोदामे आली आहेत आणि आपली मुले तिथे जातात.

आईच्या प्रश्नामागे मात्र दुसरी भिवंडी आहे. मे १९७० ची दंगल शिवजयंतीच्या मिरवणुकीतून पेटली आणि तिची चौकशी न्यायमूर्ती मादन आयोगाने केली. १९८४ च्या मे महिन्यात पुन्हा आग लागली. त्या आठवणी आपल्या घरांतही आहेत, आणि त्या खोट्या नाहीत. पण त्यानंतरचे कोणी सांगत नाही. १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे ह्यांनी भिवंडीत मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांतली साधी माणसे नियमाने एकत्र बसू लागली आणि किरकोळ तंटे तिथेच मिटू लागले. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. ज्या शहराची सगळ्यांना धास्ती होती, तेच शांत राहिले. तेव्हा त्या आईला मी म्हणालो, "बाई, त्याला खुशाल पाठवा. फक्त त्याला तिथली रीत कळू द्या."

रीत म्हणजे फार काही नाही. दिवसा बाजार थोडा मंद असतो, पुष्कळ हॉटेले बंद किंवा पडदा लावून चालू असतात. पडद्याआड बसून जेवायला कोणाची हरकत नसते, पडदा त्यासाठीच आहे. खरेदीला जायचे तर दुपारनंतर लवकर आटपा, किंवा सरळ रात्री जा. तरावीहनंतर बाजार उजळतो आणि ईदजवळ तर मध्यरात्रीही पाय ठेवायला जागा नसते. सूर्यास्ताआधीच्या अर्ध्या तासात मात्र रिक्षासाठी हुज्जत घालू नका. तो माणूस पहाटेपासून उपाशी आहे आणि त्याला घर गाठायचे आहे. शुक्रवारी दुपारी मशिदीजवळच्या रस्त्याने जायचे असेल तर अर्धा तास हाताशी ठेवा. कपडे अंगभर असावेत, हे मी आपल्या मुलांनाही सांगतो, फक्त मुलींना नव्हे.

आपल्याकडे ह्याचा कायदा नाही, फक्त माणुसकीची रीत आहे. आखातात थोडे वेगळे आहे. कुवेतमध्ये १९६८ च्या कायद्याने रमजानमध्ये दिवसा उघड्यावर खाणे-पिणे हा गुन्हा ठरवलेला आहे, मग खाणारा कोणत्याही धर्माचा असो. दुबईत हॉटेलांवरची पडद्याची सक्ती २०२१ मध्ये उठली. जे तिकडे नोकरीला जातात त्यांनी त्या त्या देशाचा नियम आधी विचारून घ्यावा. मला विचाराल तर, कायद्याने पाळलेल्या पडद्यापेक्षा मनाने पाळलेला पडदा मला अधिक आवडतो.

आता डब्याचा प्रश्न. तुम्ही दुपारी जेवलात तर काहीही पाप नाही. कष्टाचे काम करणाऱ्याने जेवले पाहिजे. पण जेवणे वेगळे आणि कोणासमोर जेवणे वेगळे. संत पौलाने करिंथकरांना लिहिताना हाच भेद केला: मला मुभा आहे, पण माझ्या मुभेने भावाला अडखळण होत असेल तर मी ती बाजूला ठेवीन. त्याचा प्रश्न मूर्तीला वाहिलेल्या मांसाचा होता, आपला डब्याचा आहे. आपला प्रश्न बराच सोपा आहे. दहा पावले बाजूला जाऊन बसले की सुटतो.

इफ्तारला जाण्यात काय अडचण आहे? काही जण म्हणतात, फादर, त्यांच्या उपवासाचे अन्न खाल्ले म्हणजे त्यांचा धर्म मानला असे होईल. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ह्यावर आम्ही फार वाद घातले. एखाद्याचा मान राखणे आणि त्याचे म्हणणे खरे मानणे ह्या दोन वेगळ्या क्रिया आहेत. संत थॉमस अक्वायनस इब्न रुश्द ह्या मुसलमान पंडिताला नुसते "भाष्यकार" म्हणत असे, जणू ॲरिस्टॉटलवर भाष्य करणारा दुसरा कोणी नाहीच. आणि त्याच इब्न रुश्दची मते त्याने कसून खोडूनही काढली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ च्या घोषणेत मुसलमान एकाच जिवंत देवाची उपासना करतात हे मान्य केले, त्यांच्या प्रार्थनेचा, दानाचा व उपवासाचा आदराने उल्लेख केला, आणि ते येशूला देव मानीत नाहीत हेही त्याच परिच्छेदात सांगितले. झाकले काहीच नाही. १९६७ पासून रमजाननिमित्त व्हॅटिकनचा संदेशही जातो. तेव्हा इफ्तारला बसा. अजान होईपर्यंत थांबा, सगळ्यांबरोबर खजूर उचला. नमाजाला ते उठले की शांत बसून आपली प्रार्थना म्हणा. देखल्या देवा दंडवत घालू नका, वाकून त्यांची नक्कल नको. तीही फसवणूकच होईल.

खरी गंमत २०२५ मध्ये झाली. आपल्याकडे पहिला रोजा २ मार्चला होता आणि राखेचा बुधवार ५ मार्चला. ३१ मार्चच्या ईदपर्यंत आपले चार शुक्रवार रमजानमध्येच पडले. शुक्रवारी इफ्तारच्या ताटात खिम्याचा समोसा आला तर? पौल म्हणतो, यजमान वाढील ते खा. ख्रिस्तसभा म्हणते, ह्या शुक्रवारी मांस वर्ज्य. माझे मत असे: सरळ सांगावे, "आज आमचाही नेम आहे, मी फळे घेतो." उपवासाचा नेम काय असतो, हे रोजा धरणाऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. उलट, आपलाही काही नेम असतो हे कित्येकांना त्या दिवशी प्रथमच कळेल. ते आजवर त्यांना का कळले नाही, हा प्रश्न मी स्वतःलाही विचारला आहे.

येशूने उपवास गुप्त ठेवायला सांगितले, चेहरा धुवायला सांगितले. ज्या शहरात बहुतेकांचा उपवास असतो तिथे तो लपवणार कसा, असा विचार माझ्या मनात येतो. पण त्या टेम्पोचालकाने तो माझ्यापासून चार वाजेपर्यंत लपवला होता.

तो तरुण पुढच्या रविवारी पुन्हा भेटला. डबा घेऊन तो गोडाऊनच्या मागच्या पायरीवर बसू लागला होता. दुसऱ्याच दिवशी त्या चौघांपैकी एक जण त्याला शोधत आला आणि म्हणाला, "अरे, इथे उन्हात का बसलास? आत पंख्याखाली बसून जेव." मग तो आत गेला आणि जेवला.