केळवणाचं बिल

केळवण मोठ्या हॉटेलात करायचं ठरवत असाल, तर बुकिंगचे पैसे भरण्याआधी माझं ऐका. मी सगळं विचारून गेले होते. तरीही भरल्या टेबलावर, व्हायच्या सोयऱ्यांसमोर मान खाली घालायची वेळ माझ्यावर आली. आणि चूक माझी नव्हती, हे मी आजही ठणकावून सांगते.

पुतणीचं केळवण. संत तुकाराम नगरातलं आमचं घर लहान, नवरदेवाची माणसं सांगलीहून येणार, सकाळी वल्लभनगरच्या एसटी स्टँडवर उतरणार, संध्याकाळच्या गाडीनं परत जाणार. दादा-वहिनी म्हणाले, घरी घाट नको, चांगल्या ठिकाणी जाऊ. म्हणून इथल्याच एका पंचतारांकित हॉटेलात रविवारचं जेवण ठरवलं. फोनवर मी स्वतः विचारलं, माणशी किती? आकडा सांगितला, वर ‘प्लस टॅक्स’ म्हणाले. टॅक्स किती तेही विचारलं. सेवा शुल्काचा शब्दसुद्धा निघाला नाही. उलट बाई गोड आवाजात म्हणाल्या, “केळवण आहे ना मॅडम, मग आम्ही टेबल खास सजवून देऊ.”

जेवण उत्तम होतं, ते नाकारणार नाही. ताटाखाली केळीच्या पानाची हिरवीगार पट्टी, बाजूला झेंडूच्या पाकळ्या, पुतणीच्या नावाची पाटी. एका बाजूला गरम तव्यावर कबाब, एका बाजूला पास्ता, जपानी सुशी, आणि पलीकडे पितळी पातेल्यात मटकीची मिसळ. तळहाताएवढ्या पुरणपोळ्या, वर तुपाची धार. नवरदेवाच्या आईनं तीन घेतल्या तेव्हा मला फार बरं वाटलं. वाढणारा मुलगाही गुणी होता, वयस्कर माणसांना बसल्या जागी आणून देत होता.

फक्त एक गोष्ट मी तेव्हाच पाहिली. आम्ही बसतो न बसतो तोच दुसरा एक जण काचेच्या बाटल्या घेऊन आला. “स्टिल ऑर स्पार्कलिंग?” नवरदेवाचे काका काही बोलायच्या आत कट्‌ करून झाकण फिरलं आणि पाणी पेल्यात. मग प्रत्येक पेला अर्धा झाला की नवी बाटली. मी साधं पाणी मागितलं, तर “हो मॅडम” म्हणून गेला आणि परत बाटलीच घेऊन आला.

बिलाची काळी घडी त्यांनी माझ्यासमोर ठेवलीच नाही. टेबलावर सगळ्यात वयस्कर पुरुष कोण ते बघितलं आणि ती नवरदेवाच्या वडिलांसमोर ठेवली! मी हात लांब करून ओढून घेतली. जेवण, पाण्याच्या बाटल्या, ‘टेबल सेटअप’ नावाची एक रक्कम, त्याखाली बारीक अक्षरात दहा टक्के सेवा शुल्क आणि या सगळ्याच्या बेरजेवर १८ टक्के जीएसटी. म्हणजे शंभर रुपयांच्या जेवणाचे आधी एकशेदहा आणि त्यावर कर धरून १२९ रुपये ८० पैसे. मार्गशीर्ष म्हणून निम्मी माणसं शाकाहारी जेवली होती, त्यांनाही तोच भाव. व्हेजचा दर वेगळा आहे का, हे तुम्ही मात्र आधी विचारा.

मी मॅनेजरला बाजूला बोलावलं. तो बाजूला आला नाही, टेबलाशीच उभा राहून मोठ्यानं म्हणाला, “मॅडम, अशा ठिकाणी आल्यावर हे द्यावंच लागतं. सगळे देतात.” टेबल गप्प झालं. आणि नवरदेवाच्या वडिलांनी खिशात हात घातला. “ताई, राहू द्या, वरचं आम्ही बघतो.”

त्या क्षणी माझ्या लक्षात आलं की हे सगळं याच क्षणावर बेतलेलं आहे. पाहुणे समोर असताना यजमान वाद घालणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. बिल पाहुण्यांपुढे ठेवणं, मॅनेजरनं जागचं न हलणं, यातलं काहीच अजाणता होत नाही. आपल्या पट्ट्यातल्या या हॉटेलांना आठवडाभर चाकणच्या आणि तळेगावच्या कंपन्यांचे परदेशी पाहुणे असतात. ते बिल कंपनी भरते, ओळ न्‌ ओळ कोण वाचतो? रविवारी तेच बिल आपल्या माथी. मी सगळे पैसे भरले. तोंडातून शब्द फुटत नव्हता.

घरी येऊन मात्र सोडलं नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ लाच सांगितलेलं आहे की हॉटेलानं सेवा शुल्क आपोआप बिलात घालायचं नाही, दुसऱ्या नावानंही घ्यायचं नाही आणि त्यावर जीएसटी तर लावायचाच नाही. देणं न देणं गिऱ्हाइकाच्या मर्जीवर. हॉटेलवाल्यांच्या दोन संघटना कोर्टात गेल्या, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयानं २८ मार्च २०२५ रोजी हीच तत्त्वं उचलून धरली आणि दोन्ही संघटनांना प्रत्येकी एक लाखाचा खर्च भरायला लावला. संघटना पुढे अपिलात गेल्या आहेत. पण “द्यावंच लागतं” असं तो मॅनेजर कुठल्या तोंडानं म्हणाला?

१८ टक्के जीएसटीवर मात्र भांडू नका, तो नियमानं आहे. ज्या हॉटेलात खोलीचं एका दिवसाचं भाडं साडेसात हजारांच्या वर गेलेलं असतं, तिथल्या रेस्टॉरंटला १८ टक्के लागतो, बाहेरच्या साध्या उपाहारगृहात ५ टक्के. बाटलीच्या छापील किमतीवरूनही वाद घालू नका. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हॉटेलांना जास्त दर लावायची मुभा दिलेली आहे. म्हणून पाण्याचा बंदोबस्त झाकण उघडायच्या आधी करायचा. आत शिरतानाच सांगा, टेबलावर बाटली नको, साधं पाणी हवं. पेला उपडा घालून ठेवा.

दर फोनवर विचारून भागत नाही. “सगळं धरून एका माणसाचे किती” हे व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. बुफेला मेनूकार्ड हातात येतच नाही, त्यामुळे बारीक अक्षरं आधी दिसायचा प्रश्न नाही. सजावट करतो म्हणाले की लगेच विचारा, फुकट की पैसे? बिल टेबलावर आणायचं नाही, काउंटरवर मला एकटीला दाखवायचं, हे जेवण सुरू व्हायच्या आधी बजावा. मला आधी कुणी एवढं एक सांगितलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. सेवा शुल्क दिसलं तर पैसे देण्याआधी काढून मागा. नाही म्हणाले तर तसं बिलावर लिहून द्या म्हणा. वाढणाऱ्याला खूश करायचंय ना, मग त्याच्या हातात रोख द्या. त्या गुणी मुलाला मी दिलेच, आणि सेवा शुल्कातलं किती मिळतं असं विचारलं तेव्हा तो नुसता हसला. बाकी बजेट आधी ठरवा, उगाच मोठेपणा नको, हे सगळ्यांना माहीत असतंच.

मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर फोन केला. मराठीत बोलतात. बिलाचा फोटो पाठवला, तक्रार क्रमांक मिळाला आणि काही आठवड्यांनी सेवा शुल्क आणि त्यावरचा कर खात्यावर परत आला. सजावटीचे पैसे आले नाहीत. मॅनेजर पाहुण्यांसमोर जे बोलला, त्याबद्दल हॉटेलच्या पत्रात अवाक्षर नाही. इथे दाद मिळाली नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी पडत नाही. घरात असं एखादं बिल पडलं असेल तर ते फेकू नका, आजच १९१५ लावा.