खडकापासून गाळ, गाळापासून खडक

महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून अधिक भूभाग काळ्या बेसॉल्ट खडकाने व्यापलेला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस थिजून तो तयार झाला. चंद्रपूर जिल्ह्यातील वर्धा नदीच्या खोऱ्यात मात्र वालुकाश्म, पंकाश्म व कोळसा यांचे थर एकावर एक रचलेले आढळतात. हे स्तरित खडक होत. त्यांची घडण समजून घ्यावयाची, तर प्रारंभ गावच्या विहिरीपासून करणे सोयीचे.

विहीर खणताना प्रथम माती, नंतर मुरूम, त्याखाली फुटीर खडक आणि शेवटी अभंग पाषाण लागतो. हा क्रम खालून वर वाचला की विदारणाची क्रिया उलगडते. उष्णतेने खडक प्रसरण पावतो, गारव्याने आकुंचन पावतो व त्याला भेगा पडतात. पावसाचे पाणी हवेतील आणि मातीतील कार्बन डायऑक्साइड शोषून सौम्य आम्लधर्मी बनते. ते भेगांत शिरले की फेल्स्पार कुजून त्याची चिकणमाती होते, लोहाला गंज चढतो. रस्त्याच्या खोदाईत कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणे सुटणारे गोल धोंडे दिसतात, तेही विदारणाचेच फळ. आपल्या विहिरींचे बरेचसे पाणी याच मुरमात व फुटीर खडकात साठते. अभंग पाषाणात ते जवळजवळ नसतेच.

विदारण जागच्या जागी घडते. वाहून नेण्याचे काम पाण्याचे. प्रवाह मंदावला की आधी गोटे, मग वाळू आणि शेवटी चिकणमाती तळाशी बसते. वर्धा खोऱ्यात २५ कोटींहून अधिक वर्षांपूर्वी, म्हणजे बेसॉल्टच्या कितीतरी आधी, नद्यांनी त्याहून जुन्या खडकांचा चुरा खचत जाणाऱ्या भूमीवर आणून टाकला. दलदलीतील वनस्पती त्यात गाडल्या गेल्या व त्यांचा कोळसा झाला. वरच्या थरांच्या भाराने गाळ दाबला गेला, विरघळलेल्या क्षारांनी कण सांधले गेले आणि वाळूचा वालुकाश्म बनला.

गावतलावात याच क्रियेचा पूर्वार्ध दर पावसाळ्यात घडत असतो. तेथे साचतो तो गाळ म्हणजे वरच्या शिवाराचीच माती होय. शासनाने २०१७ मध्ये ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना सुरू केली, ती हीच माती शेतात परत नेण्यासाठी. गाळ उचलताना ग्रामपंचायतीने एवढे पाहावे : ओढा तलावास मिळतो तेथे जाडीभरडी वाळू बसते, बांधाकडील बाजूस बारीक, कसदार गाळ असतो. शेतासाठी तो न्यावा. मूळ मुरूम लागताच खोदाई थांबवावी.