अंगठा देण्याआधी विचारा



हिंगोली जिल्ह्यातल्या वस्त्यांमध्ये बायांसोबत बसलो की एक वाक्य हमखास कानावर पडतं : "डॉक्टर म्हणले पिशवी खराब झाली, काढली नाही तर कॅन्सर होईल." कोणती तपासणी केली, असं आम्ही विचारतो. फाईल असते, सोनोग्राफीचा कागद असतो; पण पिशवीला नेमकं काय झालं हे तिला कुणी समजावलेलं नसतं, आणि तिनेही भीतीपोटी विचारलेलं नसतं.

दोष एकट्या तिचा नाही. आम्ही नर्स म्हणून वॉर्डात होतो तेव्हा आम्हीही छापील फॉर्म पुढे करून "इथं अंगठा लावा" एवढंच म्हणायचो. तो वाचून दाखवत नव्हतो. ही आमची चूक होती.

न समजता दिलेल्या अंगठ्याची किंमत बीड जिल्ह्याने दाखवली. ऊसतोड करणाऱ्या बायांच्या पिशव्या मोठ्या संख्येने काढल्या जात असल्याचं उघड झालं, तेव्हा २०१९ मध्ये सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२ हजारांवर बायांपैकी १३ हजारांवर जणींची पिशवी काढलेली होती. कित्येक जणी चाळिशीच्या आतल्या. अनेकींची तक्रार फक्त अंगावरून पांढरं जाण्याची किंवा पोटदुखीची होती.

अंगावरून पांढरं जाणं बहुतेक वेळा जंतुसंसर्गाचं असतं आणि औषधाने बरं होतं. कॅन्सर आहे की नाही, हे तुकडा काढून तपासल्याशिवाय पक्कं सांगता येत नाही. पिशवीबरोबर अंडाशयंही काढली तर पाळी एकदम थांबते, अंगातून वाफा निघतात, हाडं लवकर ठिसूळ होतात. मात्र पाळी कायमची बंद झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं, तर एक दिवसही अंगावर काढू नका. काही आजारांत पिशवी काढावीच लागते. आमचं म्हणणं एवढंच, की ते समजून घेऊन व्हावं.

सही कुणाची? सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी समिरा कोहली खटल्यात हे स्पष्ट केलं. तिने फक्त तपासणीला संमती दिली होती. ती भुलीत असताना आईची सही घेऊन पिशवी काढली. न्यायालय म्हणालं, तपासणीची संमती ऑपरेशनला चालत नाही, आणि सज्ञान बाईच्या वतीने आईची सही पुरत नाही. मग नवऱ्याची, सासूची तरी कशी पुरेल? जीव वाचवण्याची तातडी असेल तेवढाच अपवाद.

म्हणून दवाखान्यात हे पाच प्रश्न विचारा :

१. मला नेमकं काय झालंय? साध्या मराठीत सांगा.
२. कोणत्या तपासणीवरून कळलं?
३. गोळ्या-औषधाने बरं होईल का?
४. ऑपरेशनने पुढे काय त्रास होऊ शकतो? खर्च किती?
५. थोडं थांबून दुसऱ्या डॉक्टरला दाखवलं तर चालेल का?

उत्तर मिळालं की ते आपल्या शब्दांत परत बोलून दाखवा : "म्हणजे ही गोळी जेवणानंतर, सात दिवस, असंच ना?" चूक तिथल्या तिथे सुधारते. सोबत शिकलेली लेक किंवा आशाताई न्या. तुमच्या उपचाराचे कागद मागितल्यावर ७२ तासांत द्यावेत, असा डॉक्टरांसाठी २००२ पासून नियम आहे. दुसरा सल्ला हिंगोलीच्या जिल्हा रुग्णालयात घेता येतो. १०४ नंबरवरही आरोग्याची माहिती मिळते.

बोलणं दोन्ही बाजूंचं असतं. विनयपिटकात भगवान बुद्धांनी चांगल्या रुग्णाची पाच लक्षणं सांगितली आहेत. त्यातलं एक असं, की तो सेवा करणाऱ्याला आजार जसा आहे तसा सांगतो. वाढला तर वाढला, उतरला तर उतरला. चांगल्या सेवकाचंही एक लक्षण आहे : तो लाभासाठी नव्हे, मैत्रीभावाने सेवा करतो. तेव्हा लाजून काही लपवू नका. पांढरं कधीपासून जातं, वास येतो का, गोळ्या मधेच सोडल्या का, सगळं सांगा.

प्रश्न विचारणं म्हणजे डॉक्टरचा अपमान नव्हे. पुढच्या रविवारी विहारात वंदनेनंतर हे पाच प्रश्न मोठ्याने वाचा, आणि ज्या माउलीला वाचता येत नाही तिच्याकडून पाठ करून घ्या.