विसाव्यातील यंत्राची अविश्रांत चकती

चेन्नईच्या दक्षिण भागातील गिंडी हा परिसर तंत्रशिक्षणाचे एक जुने केंद्र म्हणून ओळखला जातो. १७९४ साली मद्रासमध्ये भूमापनाचे शिक्षण देणारी एक लहानशी शाळा निघाली. पुढे तिचे अभियांत्रिकी महाविद्यालय झाले आणि १९२० साली ते गिंडीस आले. दुग्धव्यवसायात नवे युग आणणारे डॉ. व्हर्गिस कुरियन याच महाविद्यालयाचे विद्यार्थी होत. १९७८ पासून हे महाविद्यालय अण्णा विद्यापीठाचा भाग आहे. शेजारीच, गिंडीच्या वनातील काही भूमी घेऊन, १९५९ साली मद्रासची आय.आय.टी. उभी राहिली. १९७३ साली पश्चिम जर्मनीच्या साहाय्याने तेथे आय.बी.एम. ३७०/१५५ हा मोठा संगणक बसविण्यात आला. अनेक विभागांची कामे त्या एकाच यंत्रापुढे रांगेत उभी राहत. यंत्राचा एकही मिनिट वाया जाऊ नये, हा त्या काळच्या व्यवस्थेचा पहिला नियम होता.

आज त्याच परिसरातील वसतिगृहांत जवळजवळ प्रत्येक विद्यार्थ्याजवळ स्वतःचा लॅपटॉप असतो. १५ सप्टेंबर २०११ रोजी तमिळनाडू शासनाने शासकीय व अनुदानित संस्थांतील विद्यार्थ्यांना लॅपटॉप विनामूल्य देण्याची योजना आरंभिली. त्यायोगे ज्या घरांत यापूर्वी संगणक कधी आला नव्हता, अशा असंख्य घरांत तो पोचला. त्याबरोबर एक प्रश्नही पोचला. यंत्रावर कोणी काम करीत नाही, पडद्यावर काही हालत नाही, तरीही डिस्कचा दिवा सतत लुकलुकतो आणि आतून बारीक खरखर ऐकू येते. हे यंत्र कोणाचे काम करीत आहे? ते बिघडले आहे काय? प्रस्तुत प्रकरणात या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

चकतीची गती आणि तिची मर्यादा

फिरत्या चुंबकीय चकत्यांवर माहिती साठविण्याची पद्धत १९५६ साली आय.बी.एम. कंपनीने प्रथम बाजारात आणली. त्या यंत्रात दोन फूट व्यासाच्या ५० चकत्या होत्या आणि त्यांवर सुमारे ५० लाख अक्षरे मावत. लॅपटॉपमधील अडीच इंची डिस्क त्याच तत्त्वावर चालते. चकती फिरत राहते, आणि एका हलत्या दांड्याच्या टोकाशी असलेले शीर्ष पृष्ठभागाला स्पर्श न करता त्यावरील खुणा वाचते किंवा उमटविते.

अशा डिस्कची चकती बहुधा मिनिटाला ५,४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. एका फेऱ्यास सुमारे ११ सहस्रांश सेकंद लागतात. हवी ती खूण शीर्षाखाली येण्यास सरासरी अर्धा फेरा, म्हणजे साडेपाच सहस्रांश सेकंद थांबावे लागते. शीर्ष योग्य वर्तुळावर नेण्यास आणखी सुमारे १२ सहस्रांश सेकंद जातात. एकूण हिशेब १७ ते १८ सहस्रांशांचा होतो. याचा अर्थ असा की, ठिकठिकाणी विखुरलेली माहिती मागितली तर ही डिस्क सेकंदाला ५० ते ६० मागण्यांपेक्षा अधिक पुऱ्या करू शकत नाही.

हा आकडा वाचकाने ध्यानात ठेवावा, कारण पुढील विवेचनाचे मर्म त्यातच आहे. सलग वाचन असेल तर हीच डिस्क सेकंदाला कित्येक कोटी अक्षरे पुरविते. परंतु चार-चार हजार अक्षरांच्या विखुरलेल्या मागण्या असतील, तर ती सेकंदाला दोन-सव्वादोन लाख अक्षरांवरच अडखळते. म्हणजे काम थोडे असूनही डिस्क पूर्णपणे गुंतलेली असू शकते. संगणकाच्या कार्यशील स्मृतीशी तुलना केली तर अंतर अधिक स्पष्ट होते. स्मृतीतील एक वाचन एका सेकंदाचे मानले, तर डिस्कवरील एक वाचन दोन दिवसांचे ठरेल.

विसाव्यात चालणारी कामे

गिंडी स्थानकावरून दिवसभर उपनगरी गाड्या धावतात. रुळांची डागडुजी करणाऱ्या टोळ्या मात्र वाहतूक ओसरल्यावर कामास लागतात. संगणकातही हीच रीत आहे. वापरणाऱ्याचा हात यंत्रावर असताना जी कामे त्याच्या आड येतील, ती परिचालन प्रणाली मागे ठेवते, आणि काही काळ कळ दाबली गेली नाही म्हणजे ती बाहेर काढते. म्हणून यंत्र रिकामे दिसते तेव्हाच डिस्क सर्वांत अधिक गुंतलेली असणे हे पुष्कळदा व्यवस्थेचेच फळ असते.

या कामांत पहिले सूचीकरणाचे. शोधलेला शब्द क्षणात सापडावा म्हणून प्रत्येक फाइल आधी वाचून तिची सूची करावी लागते. जानेवारी २००७ मध्ये सर्वसामान्य ग्राहकांसाठी आलेल्या विंडोज व्हिस्टापासून हे काम आपोआप होऊ लागले. त्याच आवृत्तीत, नेहमी लागणाऱ्या आज्ञावली आधीच स्मृतीत आणून ठेवण्याची आणि विखुरलेल्या फाइलींचे तुकडे ठराविक वेळी एकत्र करण्याची व्यवस्थाही स्वयंचलित झाली. यांच्या जोडीला विषाणुरोधक आज्ञावलीची झडती आणि सुधारित आवृत्त्यांची उतरणी व जुळणी असते.

येथे एक विसंगती उद्भवते. ही कामे रात्री, वीज जोडलेली असताना व्हावीत अशी योजना असते. परंतु लॅपटॉप रात्री मिटून ठेवलेला असतो. राहिलेली कामे साचत जातात. २०१२ साली चेन्नईत रोज दोन तास वीज बंद ठेवली जात असे. अशा स्थितीत वीज परत आली, विद्यार्थ्याने लॅपटॉप जोडला आणि तो जेवावयास गेला, तर साचलेल्या सर्व कामांना एकाच वेळी वाट मिळते. जेवून आलेल्या विद्यार्थ्याला यंत्र मंदावलेले दिसते. तो वैतागून ते बंद करतो आणि अपुरी कामे पुन्हा उद्यावर जातात. अशा यंत्राची डिस्क ‘सदैव’ चालू दिसते, कारण तिला एकदाही काम पुरे करू दिलेले नसते.

दुसरे कारण म्हणजे नोंदी. लिहावयाची माहिती प्रणाली काही क्षण स्मृतीत राखून ठेवते आणि मग एकत्रितपणे चकतीवर उतरविते. लिनक्समध्ये हे लेखन साधारण दर पाच सेकंदांनी तपासले जाते. फाइलींत बदल करण्यापूर्वी त्याची टिपण एका नोंदवहीत करण्याचीही पद्धत आहे. मध्येच वीज गेली तरी त्या टिपणावरून घडी पुन्हा बसविता येते. पूर्वी तर लिनक्समध्ये एखादी फाइल नुसती वाचली तरी वाचनाची वेळ लिहिण्यासाठी चकतीवर लेखन होई. २००९ साली ही चाल बदलून असे लेखन पुष्कळ कमी करण्यात आले. चेन्नईच्या सी-डॅक केंद्राने घडविलेली ‘बॉस’ ही प्रणालीही लिनक्सवरच आधारलेली आहे. सी-डॅकचे मुख्यालय पुण्यास आहे.

स्मृतीची टंचाई

वरील कामे आज ना उद्या संपतात. तिसरे कारण मात्र संपत नाही. स्मृती अपुरी असली म्हणजे प्रणाली तिच्यातील काही पाने डिस्कवर हलविते आणि लागतील तेव्हा परत आणते. या आभासी स्मृतीची कल्पना मँचेस्टरच्या ‘ॲटलस’ संगणकात १९६२ साली प्रत्यक्षात आली. पीटर डेनिंग यांनी १९६८ साली दाखवून दिले की, चालू कामांना एकाच वेळी लागणारी पाने स्मृतीत मावेनाशी झाली, तर यंत्राचा जवळजवळ सारा वेळ पानांची ने-आण करण्यातच जातो. आठ माणसांनी दोन जणांच्या खोलीत बिऱ्हाड करावे, आणि एकाने आत येण्यासाठी दुसऱ्याने प्रत्येक वेळी बाहेर जावे, तशी ही अवस्था असते. २ जीबी स्मृतीच्या यंत्रात न्याहाळकाची वीस पाने उघडी ठेवली, तर मालक दूर असतानाही ती पाने आपापली कामे करीत राहतात आणि डिस्कला उसंत मिळत नाही. अशा वेळी आज्ञावली मिटविणे किंवा स्मृती वाढविणे हाच उपाय होय.

झीज आणि धोका

डिस्क सारखी फिरत राहिल्याने काय बिघडते, असा प्रश्न येथे येईल. लॅपटॉपची डिस्क थोडा वेळ काम नसले की आपले शीर्ष चकतीवरून बाजूला नेऊन ठेवते. त्यामुळे हादऱ्यापासून रक्षण होते आणि वीजही वाचते. ही उठबस किती वेळा सोसेल याची मर्यादा निर्माते देतात. ती सामान्यतः तीन ते सहा लाखांची असते. आता दर अर्ध्या मिनिटाला एखादी क्षुल्लक नोंद शीर्षाला उठवीत असेल, तर तासाला १२० आणि दहा तासांच्या वापरात दिवसाला १,२०० खेपा होतात. सहा लाखांची मर्यादाही मग ५०० दिवसांत गाठली जाईल. सततच्या मोठ्या कामापेक्षा अधूनमधून होणारे लहान लेखन काही वेळा अधिक झिजविते, ते यामुळे. गादीवर ठेवलेल्या लॅपटॉपची हवा कोंडली तर चेन्नईच्या उष्म्यात ही झीज अधिकच वाढते.

याहून गंभीर गोष्ट अशी की, मरणपंथास लागलेली डिस्कही सतत गुंतलेलीच दिसते. खराब झालेला भाग ती पुनःपुन्हा वाचू पाहते, आणि बाहेरून हा खटाटोप नेहमीच्या झाकपाकीसारखाच भासतो. चोरून शिरलेली घातक आज्ञावलीही याच गोंगाटात लपू शकते. ‘हे नेहमीचेच’ म्हणून दुर्लक्ष करणाऱ्याचा वर्षाचा प्रबंध एका सकाळी नाहीसा होऊ शकतो.

भेद कसा ओळखावा

प्रथम यंत्र विजेला जोडून, कोणतीही आज्ञावली न उघडता, पण झोपेतही जाऊ न देता, एक पूर्ण रात्र चालू ठेवावे. सकाळी डिस्क शांत झालेली असेल, तर साचलेली कामे होती असे समजावे. शांत झाली नसेल, तर विंडोजमधील कार्यव्यवस्थापक उघडून डिस्कच्या स्तंभाने क्रम लावावा. तेथे काम करणाऱ्याचे नाव दिसते. सूचीकार किंवा विषाणुरोधक सापडला, तर त्याच्या कक्षेतून मोठे संग्रह वगळता येतात. स्मृती काठोकाठ भरलेली दिसली, तर टंचाई हे कारण होय. अनोळखी नाव दिसले, तर त्याची कसून तपासणी करावी.

दिवा आणि आवाज यांतील फरकही बोलका असतो. दिवा सामान्यतः प्रणालीने पाठविलेल्या आज्ञा दर्शवितो. दिवा बंद असून हलकी खरखर येत असेल, तर डिस्क स्वतःच आपली पृष्ठे तपासत असण्याचा संभव असतो. परंतु दिवा अखंड पेटलेला, काम जवळजवळ थांबलेले आणि ठराविक लयीत टक् टक् असा आवाज, ही तीन लक्षणे एकत्र आली तर अन्य कोणताही प्रयोग करू नये; आधी महत्त्वाच्या फाइलींची प्रत दुसरीकडे काढावी. दुरुस्तीचे प्रयत्न त्यानंतर.

डिस्क गुंतलेली असताना कळ दाबून धरून यंत्र एकाएकी बंद करणे शक्यतो टाळावे. नोंदवही फाइलींची घडी राखते, परंतु स्मृतीतून अद्याप न उतरलेला मजकूर तिला वाचविता येत नाही. नव्या यंत्रांत चकतीऐवजी घनस्थिती साठवण असते. तिच्यात काही फिरत नाही आणि सेकंदाला हजारो मागण्या पुऱ्या होतात. त्यामुळे हीच सारी कामे ऐकू येत नाहीत आणि जाणवतही नाहीत. जुन्या लॅपटॉपमध्येही अशी साठवण बहुधा बसविता येते. मात्र तीही काही वेळा पूर्वसूचना न देता निकामी होते. म्हणून यंत्र कोणतेही असो, ज्या लेखनास महिने लागले आहेत, त्याची एक प्रत यंत्राबाहेर असावी आणि ती कोणत्या दिवशी काढली याची नोंद मालकाजवळ असावी.