पेठेचा सामना

प्रास्ताविक

खेळांच्या बातम्या आपण रोज वर्तमानपत्रात वाचतो. कोण जिंकले, किती गोलांनी जिंकले आणि गोल कोणी केले, हे त्यांतून कळते. परंतु मैदानाच्या कडेला बसलेला साधा प्रेक्षक तो खेळ कसा पाहतो, त्याच्या मनात काय चालते, हे बातमीत क्वचितच येते. प्रस्तुत पाठाचे लेखक छत्तीसगडमधील रायपूरचे रहिवासी आहेत. कोल्हापूरच्या राजर्षी शाहू स्टेडियमवर त्यांनी दोन स्थानिक संघांमधील फुटबॉलचा सामना पाहिला. त्या अनुभवाच्या आधारे स्थानिक खेळ, पेठेचा अभिमान आणि प्रेक्षकाची जबाबदारी यांविषयीचे विचार त्यांनी या पाठात मांडले आहेत.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हाला –
• कोल्हापूरच्या फुटबॉल परंपरेची माहिती सांगता येईल;
• अभिमान आणि हुल्लडबाजी यांतील फरक स्पष्ट करता येईल;
• बोलीभाषेतील संवाद प्रमाणभाषेत लिहिता येतील;
• पाहिलेल्या एखाद्या सामन्याचे वर्णन स्वतःच्या शब्दांत करता येईल.

मूळ पाठ

(१)

'तालीम' हा शब्द उच्चारला, की लाल माती, लंगोट आणि जोर-बैठका डोळ्यांसमोर येतात. कोल्हापुरात मात्र या शब्दाबरोबर फुटबॉलही आठवतो. पाटाकडील तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ ही नावे परक्या माणसाला कुस्तीच्या आखाड्यांची वाटतील. प्रत्यक्षात ही तेथील नामवंत फुटबॉल संघांची नावे आहेत. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, खासबागेत कुस्तीचे भव्य मैदान उभारले आणि पेठापेठांतील तालमी बहरल्या. पुढे याच तालमींच्या आणि तरुण मंडळांच्या आश्रयाने फुटबॉलचे संघ उभे राहिले.

या संघांचे वेगळेपण त्यांच्या पत्त्यात आहे. पाटाकडील आणि बालगोपाल हे मंगळवार पेठेचे. शिवाजी तरुण मंडळ आणि खंडोबा तालीम हे शिवाजी पेठेचे. कोल्हापुरात माणसाने आपली गल्ली सांगितली, की तो कोणत्या संघाचा हे निराळे विचारावे लागत नाही. संघ निवडायचा नसतो, तो जन्माबरोबरच मिळतो.

मैदानाचीही एक कथा आहे. जुने कोल्हापूर हे तळ्यांचे शहर होते. वस्ती वाढत गेली, तशी अनेक तळी बुजवण्यात आली. कपिलतीर्थाच्या जागी मंडई आली, वरुणतीर्थाच्या जागी गांधी मैदान झाले आणि रावणेश्वर तळ्याच्या जागेवर शाहू स्टेडियम उभे राहिले. पावसाळा सरून जमीन वाळली, की येथे फुटबॉलचा हंगाम सुरू होतो आणि उन्हाळ्यापर्यंत चालतो. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची साखळी स्पर्धा आणि त्यानंतर निरनिराळ्या चषकांसाठी होणारे बाद फेरीचे सामने, असा हा क्रम असतो. असोसिएशनच्या लांबलचक नावाऐवजी सारे गाव 'केएसए' एवढेच म्हणते.

पाठगत प्रश्न १
(अ) कोल्हापुरातील फुटबॉल संघांच्या नावांत 'तालीम' हा शब्द का आढळतो?
(आ) 'संघ निवडायचा नसतो' असे लेखक का म्हणतात?

(२)

मार्च महिन्यातील एका रविवारी मी तिकीट काढून स्टेडियममध्ये शिरलो. सामना चारचा होता. परंतु तीन वाजल्यापासूनच पायऱ्या भरू लागल्या होत्या. एका बाजूला एका पेठेची माणसे बसली होती आणि समोरच्या बाजूला दुसऱ्या पेठेची. मला हा भूगोल ठाऊक नसल्याने मी मधेच उभा होतो. पांढरा सदरा आणि डोक्यावर टोपी घातलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी हाताने जागा झटकली.

"पावणं, हितं बसा. कुठनं आलासा?"

"रायपूरहून."

"लई लांबनं आलासा की! मग आता आमच्या पेठंचं झालासा."

अशा रीतीने कोणताही अर्ज न भरता मी त्या पेठेचा झालो. त्या पेठेचे नाव मी मुद्दामच सांगत नाही. पुढे जे घडले, ते कोणत्याही पेठेत घडू शकले असते.

ते गृहस्थ शिवाजी उद्यमनगरातील एका फाउंड्रीतून निवृत्त झाले होते. आपल्या संघातील प्रत्येक खेळाडूची कुंडली त्यांना तोंडपाठ होती. हा अमक्याचा नातू, त्याने दहावीनंतर शिक्षण सोडले. तो तमक्याचा धाकटा, सकाळी दूध घालतो. गोलरक्षक एकोणीस वर्षांचा होता आणि उद्यमनगरातच लेथवर काम करीत होता. "आज हरू दे न्हाईतर जिंकू दे, उद्या सातला त्याला मशीनवर उभं ऱ्हायाचंय," असे ते म्हणाले.

मला आमच्या रायपूरची आठवण झाली. २१ जानेवारी २०२३ रोजी तेथील शहीद वीर नारायण सिंह स्टेडियमवर भारत आणि न्यूझीलंड यांच्यात एकदिवसीय क्रिकेट सामना झाला, तेव्हा सारे शहर लोटले होते. ते खेळाडू आम्हांला ठाऊक होते. आम्ही मात्र त्यांना ठाऊक नव्हतो. येथे ओळख दोन्ही बाजूंनी होती. चेंडू बाहेर गेला, की तो आणायला धावणाऱ्या मुलाला खेळाडू नावाने हाक मारीत होता.

(३)

पूर्वार्धात गोल झाला नाही. उत्तरार्धाच्या सुरुवातीस कॉर्नरवरून आलेला चेंडू आमच्या आघाडीपटूने डोक्याने जाळ्यात धाडला. हलगी कडाडली. अनोळखी माणसांनी मला मिठ्या मारल्या आणि कोणीतरी माझ्या ओंजळीत भडंग ओतले.

त्यानंतर पंधरा-वीस मिनिटांनी आमच्या गोलक्षेत्रात चेंडू एका बचावपटूच्या हाताला लागला. पंचांनी शिट्टी फुंकली आणि पेनल्टीचा निर्णय दिला. क्षणात आमच्या बाजूचा नूर पालटला. पंचांच्या नावाने आरोळ्या उठल्या, आरोळ्यांच्या शिव्या झाल्या आणि मागल्या पायऱ्यांवरून पाण्याची एक बाटली मैदानात येऊन पडली. तिच्यामागून आणखी दोन आल्या. पंचांनी खेळ थांबवला. ते कर्णधाराशी दोन शब्द बोलले आणि मध्यभागी जाऊन शांत उभे राहिले. मैदानावर बावीस खेळाडू आणि पायऱ्यांवर काही हजार माणसे, साऱ्यांचा खेळ तीन बाटल्यांनी अडवून धरला होता.

माझ्या शेजारचे गृहस्थ उठले. गुडघे धरीत ते चार पायऱ्या चढले आणि बाटली फेकणाऱ्या तरुणापुढे उभे राहिले.

"पंच निघून गेला तर शिट्टी कोण वाजीवणार? तू वाजीवतोस काय?"

तरुण गप्प राहिला.

"बाटली तू टाकलीस, पर नाव पेठंचं जाणार. त्या पोरानं वर्षभर घाम गाळलाय. सामना बंद पडला तर त्येला काय सांगशील?"

एवढ्यात मंडळाची आणखी काही वडीलधारी माणसे कठड्यापाशी आली. त्यांनी हात जोडले, काहींना दटावले, पुढे घुसलेल्या मुलांना मागे बसवले. दहा-बारा मिनिटांनी खेळ पुन्हा सुरू झाला. पेनल्टी घेणाऱ्या खेळाडूने चेंडू गोलच्या दांड्यावरून उंच मारला! ज्या गोलासाठी एवढा गदारोळ झाला, तो गोल झालाच नाही.

परंतु खेळ तेथे संपला नव्हता. सामन्याच्या अखेरच्या क्षणी प्रतिस्पर्धी संघाने सुरेख चाली रचीत बरोबरी साधली. समोरची पेठ नाचू लागली आणि आमच्याकडे शांतता पसरली. त्या शांततेत एकाच टाळीचा आवाज आला. शेजारचे गृहस्थ टाळी वाजवीत होते. मी चकित होऊन पाहिले, तेव्हा ते म्हणाले, "गोल चांगला व्हता. मग टाळी नको?"

टायब्रेकरमध्ये आमचा संघ हरला. आमच्या गोलरक्षकाने एक फटका अडवला होता. तो पुरेसा ठरला नाही. तो बाहेर येत असताना पायऱ्यांवरून कोणीतरी त्याचे नाव घेतले, मग दुसऱ्याने घेतले आणि हळूहळू सारी बाजू त्याचे नाव घेऊ लागली. त्याने वर पाहिले नाही. पण त्याचे पाऊल थबकले.

पाठगत प्रश्न २
(अ) पंचांनी खेळ का थांबवला?
(आ) वृद्ध प्रेक्षकाने तरुणाला कोणते दोन प्रश्न विचारले? त्यांतून काय सुचवले?

(४)

फुटबॉलच्या मैदानावर अभिमानाला फार मोठे बळ असते. २९ जुलै १९११ रोजी कलकत्त्यात मोहन बागान संघाने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट या इंग्रजी लष्करी संघाचा पराभव करून आयएफए शिल्ड जिंकली. मोहन बागानचे बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले होते. त्या विजयाने परतंत्र देशाची मान उंचावली. ज्या इंग्लंडमधून हा खेळ आपल्याकडे आला, तेथेही मोठ्या व्यावसायिक स्पर्धांच्या बाहेर खेळणारे शेकडो छोटे क्लब आहेत. गावातील माणसेच ते चालवतात, सांभाळतात आणि शनिवारी दुपारी मैदानावर जाऊन त्यांना बळ देतात. मोठ्या खेळाची मुळे अशा लहान मैदानांतच रुजलेली असतात. २०१७ साली भारतात भरलेल्या सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषक स्पर्धेत भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव हा कोल्हापूरचाच आहे.

मात्र हाच अभिमान तोल सोडतो, तेव्हा तो स्वतःच्या मुळांवर घाव घालतो. कोल्हापुरात हुल्लडबाजीमुळे सामने थांबल्याच्या बातम्या अनेकदा आल्या आहेत. सामना थांबला, की दूरदर्शन संचावरच्या प्रेक्षकाचे काही बिघडत नाही. तो दुसरी वाहिनी लावतो. पेठेच्या खेळाडूला मात्र दुसरे मैदान नसते. कामावरून सुटून सराव करणाऱ्या मुलाच्या वर्षातले मोजके दिवस असे वाया जातात. अलीकडे संघांकडे पैसा आला, बाहेरगावचे आणि नायजेरियासारख्या देशांतील खेळाडूही येऊ लागले. खेळाचा दर्जा वाढला, तशी जिंकण्याची घाईही वाढली. अशा वेळी मैदानाची राखण केवळ पोलिसांच्या काठीने होत नाही. आपल्याच माणसाचा हात धरणारा वडीलधारा माणूस पायऱ्यांवर असावा लागतो.

संघ आपला आहे, असे म्हणणे सोपे आहे. संघ आपला असेल तर पराभवही आपला, पंचही आपले आणि पायऱ्यांवरून पडलेली बाटलीही आपलीच. ती उचलण्यासाठी जो खाली वाकतो, तो खरा पेठेचा माणूस होय.

शब्दार्थ व टिपा

राजाश्रय – राजाने दिलेला आधार
पावणं (बोली) – पाहुणे
हितं (बोली) – येथे
लई (बोली) – खूप
भडंग – मसाला लावलेले कुरमुरे
हलगी – काठीने वाजवायचे चर्मवाद्य
गदारोळ – गोंधळ, आरडाओरडा
हुल्लडबाजी – बेशिस्त दंगा
कुंडली तोंडपाठ असणे – एखाद्याविषयी बारीकसारीक माहिती असणे
नूर पालटणे – वातावरण किंवा भाव एकदम बदलणे

चला, समजून घेऊया

पाठाचे चार भाग आहेत. पहिल्या भागात परंपरेची माहिती आहे. दुसऱ्या भागात लेखक परका प्रेक्षक म्हणून येतात आणि पेठेचे होतात. तिसऱ्या भागात प्रत्यक्ष प्रसंग आहे आणि चौथ्या भागात त्यावरील चिंतन आहे. लेखकांनी संघांची नावे सांगितलेली नाहीत, हे ध्यानात घ्या. दोष एका पेठेवर ठेवला असता, तर इतर वाचक निश्चिंत झाले असते. नाव नसल्यामुळे प्रत्येक वाचकाला स्वतःकडे पाहावे लागते.

वृद्ध गृहस्थांनी तरुणाला नीतीचा उपदेश केला नाही. त्यांनी त्याला परिणाम दाखवले. पंच, पेठ आणि खेळाडू या तिघांची आठवण करून देताना त्यांनी साधी, रोजची बोली वापरली. म्हणूनच त्यांचे बोलणे परिणामकारक झाले.

स्वाध्याय

१. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) शाहू स्टेडियमच्या जागी पूर्वी काय होते?
(आ) रायपूरचा क्रिकेट सामना आणि कोल्हापूरचा फुटबॉल सामना यांत लेखकांना कोणता फरक जाणवला?
(इ) वृद्ध प्रेक्षकाने प्रतिस्पर्ध्यांच्या गोलाला टाळी का दिली?

२. पुढील वाक्ये प्रमाणभाषेत लिहा.
(अ) लई लांबनं आलासा की!
(आ) उद्या सातला त्याला मशीनवर उभं ऱ्हायाचंय.

३. 'पराभूत गोलरक्षकाचे पाऊल थबकले.' या वेळी त्याच्या मनात कोणते विचार आले असतील, ते आठ-दहा ओळींत लिहा.

४. तुमच्या गावातील किंवा मोहल्ल्यातील एखादा सामना पाहून या. खेळाबरोबरच प्रेक्षकांचेही निरीक्षण करा आणि त्याचे वर्णन सुमारे १५० शब्दांत लिहा.