थंड गाडीच मिस्तरीला दाखवा

सकाळी गाडी नखरे करते म्हणून आपण ती कशीबशी सुरू करतो, गॅरेजला नेतो, आणि तिथे ती पहिल्या चावीत सुरू होते. मिस्तरी आपल्याकडे बघतो, आपण गाडीकडे. रावेर तालुक्यातल्या कुठल्याही मळ्यावरून गावात येईपर्यंत इंजिन तापलेलंच असतं. भुसावळ गाठायचं तर बोलायलाच नको. आजार थंडीतला आणि तपासणी गरम इंजिनाची, तिथेच सगळं फसतं.

माझी गाडी डिझेलची. डिसेंबरात पारा १० अंशांखाली गेला की आमच्याकडे केळीला चरका बसायची धास्ती असते. रात्री बांधावर काडीकचरा पेटवून धूर करतात, आणि पहाटे बागेत फेरी मारावी लागते. नेमकी तेव्हाच गाडी अडायची. स्टार्टर जोरात फिरायचा, पण इंजिन उशिरा पेट घ्यायचं, तेही जणू अर्ध्याच सिलिंडरांवर. बोनेट थरथरायचं, मागून डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर, त्याला कच्च्या डिझेलचा वास. मिनिटभराने सगळं शांत.

एका वर्कशॉपने आधी बॅटरी बदलली, मग फिल्टर, मग म्हणाले चारही इंजेक्टर उतरवावे लागतील. आकडा ऐकून गाडी घरी आणली. घरच्यांचं निदान वेगळं : थंडीने डिझेल गोठतं! इंडियन ऑइलने २०१९ साली उणे ३३ अंशांतही वाहतं राहील असं डिझेल काढलं, ते लडाखसाठी. रावेरच्या थंडीत डिझेलला काही होत नाही.

शेवटी गावातल्या एका जुन्या मिस्तरीने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाला, ‘‘भाऊ, आज रात्री गाडी इथंच राहू द्या. सकाळी मी यायच्या आधी चावी लावू नका.’’

पहाटे त्याने आधी चारही हीटर प्लगच्या वायरी सोडल्या. बल्बवाल्या टेस्ट लॅम्पचा चिमटा बॅटरीच्या प्लसला लावला आणि सुई एकेका प्लगच्या टोकाला टेकवली. पहिल्यावर बल्ब पेटला, दुसऱ्यावर नाही, तिसऱ्यावर नाही, चौथ्यावर पेटला. दोन प्लग मेलेले. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच इंधन पेटतं. सकाळी थंडगार लोखंड ती उष्णता ओढून घेतं, ती कसर हीटर प्लग भरून काढतो. प्लग मेला की त्या सिलिंडरातलं डिझेल न जळता धुराड्यातून बाहेर पडतं. तोच तो पांढरा धूर. डॅशबोर्डवरचा पिवळा वेटोळ्याचा दिवा विझला म्हणजे प्लग तापले, असं समजू नका. बऱ्याच गाड्यांत तो नुसता ठरलेल्या वेळाने विझतो.

तपासणी थंड इंजिनावर, पण प्लग काढायचे इंजिन गरम करून. थंडीत जोर लावला तर काजळीने धरलेला प्लग हेडमध्येच तुटतो, आणि मग खरा खर्च. मिस्तरीने काढलेले प्लग पक्कडीत धरून बॅटरीवर लावले : चांगल्याचं टोक बघता बघता लालबुंद, मेलेल्याचं काळंच्या काळं. हा खेळ घरी करणाऱ्यांनी प्लगवरचा व्होल्टचा आकडा आधी वाचावा; काही नवे प्लग १२ व्होल्टचे नसतात, ते फुटतात. चारही नवे घातले, काम झालं.

प्रत्येक गाडीचं दुखणं हेच असेल असं नाही, म्हणून सकाळची पहिली चावी फिरवताना नीट बघा. स्टार्टरच मंद फिरतो? बॅटरी. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट असावेत. स्टार्टर मारताना ९.६ च्या खाली गेले तर शंका घ्या. आमच्याकडे बॅटरी मरते ती मे महिन्यातल्या ४५ अंशांत, बातमी तेवढी डिसेंबरात कळते. डिझेलच्या रबरी नळ्यांचंही तसंच, उन्हाने कडक होतात आणि थंडीत जोडांतून हवा घेतात. स्टार्टर फिरतोय, पण धूर अजिबात नाही, म्हणजे डिझेल पोचतच नाही. हातपंप असेल तर मारून बघा. त्याने गाडी लगेच पेटली तर हवेची गळती शोधायला लागा. बिनवासाची वाफ मात्र सकाळी सगळ्याच गाड्या सोडतात, तिच्यापायी कुणाला पैसे देऊ नका.

पेट्रोलवाल्यांनी आधी चावी ‘ऑन’ करून पंपाचा आवाज थांबू द्यावा, बंद करून पुन्हा तसंच करावं, मग स्टार्टर मारावा. एवढ्याने फरक पडला तर रात्रीतून इंधनाचा दाब उतरतोय. पेट्रोलात आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि त्याची थंडीत वाफ व्हायला जास्त उष्णता लागते. त्यामुळे जुना स्पार्क प्लग उन्हाळ्यात निभावतो, थंडीत नाही. आणि मिस्तरीकडे स्कॅनर असेल तर इंजिन सुरू करायच्या आधी कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान बघायला सांगा. रात्रभर उभ्या गाडीत दोन्ही आकडे जवळपास सारखे हवेत. कूलंटचा सेन्सर ६० दाखवत असेल तर गाडीचा कॉम्प्युटर इंजिन गरम समजून पेट्रोल कमी सोडतो. गाडी चालवत नेली की ही चाचणी गेलीच.

एअर फिल्टरपाशी पेटती चिंधी धरायचा प्रकार मी शेतांवर पाहिलाय. तो नको. हीटर प्लगवाल्या गाडीत स्टार्टिंग स्प्रेही नको, तापल्या प्लगवर तो भडकतो. स्टार्टर एका वेळी दहा सेकंदांच्या वर दाबू नये, मध्ये अर्धा मिनिट तरी थांबावं. आणि गॅरेजवाला गाडी रात्रभर ठेवून घ्यायला तयार नसेल, तर त्यालाच पहाटे घरी बोलवा, येण्याजाण्याचे पैसे वेगळे द्या.