सीबी रेडिओची दुरुस्ती : आधी मापन, मग बदल

सिटिझन्स बँड म्हणजेच सीबी रेडिओ हे २७ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींवर चालणारे, बोलणे व ऐकणे या दोन्ही सोयी एकाच पेटीत असलेले अल्पशक्तीचे साधन असून, अमेरिकेत हा पट्टा १९५८ साली सर्वसामान्यांना खुला झाला आणि १९७७ च्या आरंभी त्यातील वाहिन्या २३ वरून ४० झाल्या. मालमोटारचालकांनी लोकप्रिय केलेले त्या काळातील अनेक संच आजही दुरुस्तीच्या टेबलावर येतात. त्यांच्या बाबतीत वारंवार प्रत्ययास येणारी गोष्ट अशी की, मूळ बिघाड पुष्कळदा एखाद्या स्वस्त भागाचा असतो, पण कारण समजण्याआधीच भाग बदलण्याची घाई केल्याने संच कायमचा निकामी होतो.

तपासणीचा आरंभ वीजपुरवठ्यापासून करावा. गाडीतील संच १३.८ व्होल्ट एकदिश विजेवर चालतात आणि तारा उलट जोडल्या गेल्यास आतील भाग वाचावेत म्हणून पुरवठ्याच्या दोन टोकांमध्ये एक संरक्षक डायोड बसवलेला असतो. उलट जोडणी होताच तो वीज स्वतःतून वाहू देतो व फ्यूज उडतो, मात्र या आघाताने तो स्वतः अनेकदा शॉर्ट होतो. अशा वेळी मोठा फ्यूज घालणे म्हणजे सर्किट बोर्डावरील तांब्याच्या रेघा जाळण्यास निमंत्रण देणे होय, तर डायोड काढून टाकून संच सुरू करणे म्हणजे पुढच्या चुकीला सारे मंडल उघडे ठेवणे होय. योग्य उपाय एकच : त्याच क्षमतेचा नवा डायोड आणि निर्मात्याने सांगितलेल्याच क्षमतेचा फ्यूज.

पुरवठा ठीक असूनही संच चालत नसेल, तर कोणती कामे बंद आहेत आणि कोणती चालू, याची जुळणी करून दोषाचा प्रदेश आखावा. बहुतेक एएम संचांत ध्वनिवर्धक आयसी दुहेरी काम करते : ऐकताना ती स्पीकर चालवते आणि बोलताना वाहक लहरीवर आवाज चढवते, ज्याला मॉड्युलेशन म्हणतात. त्यामुळे मीटरचा काटा हलतो, वाहक लहरही निघते, पण आवाज दोन्हीकडे नाही, अशी स्थिती असल्यास संशय या आयसीवर आणि तिच्याभोवतीच्या भागांवर घ्यावा. ऐकणे व प्रक्षेपण दोन्ही पूर्ण ठप्प असतील, तर पीएलएल, म्हणजे क्रिस्टलच्या स्थिर लहरीशी तुलना करून प्रत्येक वाहिनीची वारंवारता अचूक राखणारे मंडल, तपासावे. अनेक जुन्या संचांत स्पीकरची वाट मायक्रोफोनच्या बटणातून जात असल्याने, केवळ मायक्रोफोनची तुटकी तारही संच मुका करते; म्हणून आवरण उघडण्यापूर्वी चांगला मायक्रोफोन लावून पाहणे शहाणपणाचे ठरते.

ऐकू येते पण प्रक्षेपण होत नाही, अशा वेळी अखेरच्या टप्प्यातील शक्ती-ट्रान्झिस्टरवर ठपका ठेवला जातो आणि तो अनेकदा खरोखरच जळालेला असतो. तथापि तो जळण्याचे कारण संचाबाहेर, तुटलेल्या केबलमध्ये किंवा न जुळलेल्या अँटेनात असू शकते. हे कारण दूर न करता नवा ट्रान्झिस्टर बसवला तर तोही फार काळ टिकत नाही. चाचणी नेहमी ५० ओहमच्या डमी लोडवर, म्हणजे अँटेनाऐवजी शक्ती शोषून घेणाऱ्या रोधकावर करावी आणि अँटेना जोडल्यावर परतणारी लहर किती आहे हे एसडब्ल्यूआर मीटरने पाहावे. टूएससी१९६९ सारख्या ट्रान्झिस्टरचा धातूचा पाठभाग कलेक्टरशी जोडलेला असल्यामुळे त्याखालील अभ्रकाची चकती व उष्णतावाहक लेप विसरता कामा नये. शिवाय मूळ उत्पादन थांबलेल्या अशा भागांच्या बनावट प्रती बाजारात असल्याने विक्रेता पारखून घ्यावा.

सर्वांत मोठे नुकसान मात्र स्क्रूड्रायव्हरने होते. कॉइलमधील फेराइटचे गाभे फिरवून ‘शक्ती वाढवण्याचा’ प्रयत्न केल्यास कारखान्यात जुळवलेली मांडणी बिघडते, ठिसूळ गाभा फुटू शकतो आणि मूळचा दोष नव्या दोषांखाली लपतो. वारंवारतामापक, डमी लोड आणि त्या संचाची सर्किट आकृती हाताशी नसेल तर गाभ्यांना हात लावू नये. लावायचाच असेल तर मूळ स्थितीची खूण करून प्लॅस्टिकचे हत्यार वापरावे.

जुन्या संचांत वाळलेले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आणि तडकलेले सोल्डरचे सांधे हे दोष नेहमीचे आहेत. गुणगुण, क्षीण आवाज किंवा पेटीला टिचकी मारताच येणारा-जाणारा आवाज ही त्यांची लक्षणे होत. कपॅसिटर बदलताना धारकता तीच, व्होल्टमर्यादा तेवढी किंवा अधिक आणि ध्रुवता अचूक असावी. एका वेळी एकच भाग बदलून लगेच चाचणी घ्यावी, कारण एकदम दहा भाग बदलल्यावर नवा बिघाड निघाला तर तो कोणत्या भागाने आणला हे कळत नाही.

प्रत्येक मापन वहीत नोंदवावे, दोषाचे कारण शब्दांत मांडता येईपर्यंत सोल्डरिंग गन तापवू नये, आणि दुरुस्त झालेल्या संचाची शक्ती कायद्याने ठरवलेल्या मर्यादेतच, म्हणजे अमेरिकेत एएमसाठी ४ वॅट, ठेवावी.